मातीसकट आलेली मुळं आणि कंद: काय फ्रिजमध्ये, काय टोपलीत

आमच्याकडची गाजरं, बिटं, रताळी मातीसकट येतात याची अधूनमधून तक्रार येते. माती आम्ही मुद्दाम ठेवतो. यंत्रात घोळवून धुतलेली गाजरं चकचकीत दिसतात, पण त्यात साल खरवडली जाते, ओल राहते आणि पिशवीत ती लवकर बुळबुळीत होतात. मातीचं गाजर नीट ठेवलं तर तीन आठवडे सहज जातं. म्हणून घरी आल्या आल्या धुवू नका. माती ओली असेल तर तासभर पंख्याखाली पसरा आणि हाताने झाडा. धुवायचं ते चिरायच्या आधी.

फ्रिजमध्ये: गाजर, मुळा, बीट

ही थंडीतली पिकं. त्यांना गारवा हवा आणि ओलही. आधी पाला कापा. तो मुळातलं पाणी ओढत राहतो आणि दोन दिवसांत गाजर लुळं पडतं. मुळ्याचा पाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भाजीला घ्या, पुढे पिवळा पडतो. बिटाचा देठ मात्र दोन-तीन सेंटीमीटर राखा आणि शेपटीही छाटू नका, नाहीतर उकडताना रंग पाण्यात उतरतो.

मग सुती कापडात गुंडाळून, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये ठेवा. उन्हाळ्यात कापड किंचित दमट असू द्या, पावसाळ्यात कोरडं. पिशवीत आतून थेंब जमले तर पुसून घ्या. छापील वर्तमानपत्र नको, शाई लागते. त्याच ट्रेमध्ये सफरचंद किंवा पिकलेली फळं ठेवू नका: त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने गाजर कडवट होतं, आणि ते शिजवूनही सुधारत नाही.

बीट दोन-तीन आठवडे टिकतं. मुळा आठवड्याच्या आत संपवा.

गाजर नुसतं मऊ पडलं असेल तर टाकू नका. तासभर थंड पाण्यात बुडवलं की बरंचसं ताठ होतं. बुळबुळीत झालं किंवा आंबूस वास आला, तर टाकाच.

टोपलीत: रताळी, सुरण, अळकुड्या, बटाटे

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. रताळं उष्ण हवेतलं. साधारण १२ अंशांच्या खाली ते बिघडायला लागतं, आणि घरचा फ्रिज त्याहून बराच गार असतो. वरून काही कळत नाही. उकडल्यावर मधला गाभा टणकच राहतो, कितीही शिट्ट्या करा. उपासाच्या आदल्या आठवड्यात आणलेली रताळी बाहेरच ठेवा, हवेशीर टोपलीत, एकावर एक न रचता. दहा-बारा दिवस राहतात.

बटाटा फ्रिजमध्ये गोडसर होतो, कारण थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते. तळला की करपल्यासारखा तपकिरी दिसतो. त्याला अंधार आणि वारा पुरे. गोणपाट अंथरलेली टोपली उत्तम. कांद्याशेजारी नको. उजेडात हिरवा पडलेला भाग जाड सोलून टाका. बटाटा घट्ट असेल तर लहानसा कोंब डोळ्यासकट कोरून वापरता येतो. सुरकुतला असेल तर नाही.

अख्खा सुरण कोरड्या जागी कित्येक आठवडे राहतो. कापलेली फोड हे वेगळं प्रकरण: कापलेली बाजू तासभर उघडी सुकू द्या, मग कोऱ्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा.

आलं खरं तर टोपलीतलंच, पण टोपलीत उन्हाळ्यात सुकतं आणि पावसाळ्यात बुरशी धरतं. त्यामुळे ते कोरडं करून, कागदात गुंडाळून फ्रिजमध्येच ठेवा. प्लास्टिकमध्ये बांधलेलं ओलं आलं हमखास बुरसटतं.

ताजेपणा कसा पाहावा

गाजर दोन्ही टोकांना धरून वाकवा. ताजं असेल तर कटकन मोडतं, शिळं नुसतं वाकतं. देठाशी काळी कड असेल तर पाला कापून बरेच दिवस झालेत. देठाशी हिरवटपणा दिसला तर ते डोकं उन्हात उघडं पडलेलं असतं. तेवढा भाग कापून टाका, बाकी चांगलं.

मुळ्याची परीक्षा पाल्यावर होते. बाहेरच्या पानाचा देठ मोडून पाहा. आत पांढरा, भुसभुशीत, पोकळ दिसला तर मुळाही आतून जाळीदार निघण्याची शक्यता मोठी. आकाराच्या मानाने हलका लागला तरी तेच. असा मुळा किसायला घेऊ नका.

रताळ्यावर बारीक काळी छिद्रं दिसली तर ती सोंड्या भुंग्याची. कीड लागलेलं रताळं कडू होतं, आणि तो कडवटपणा छिद्राभोवतीचा भाग कोरूनही जात नाही. अख्खं टाका.

असा मुळा किंवा रताळं आमच्या पिशवीतून निघालं तर त्याच दिवशी कापलेल्या बाजूचा फोटो पाठवा, पुढच्या फेरीत बदलून देऊ. आठवड्याने कळवलंत, तर बिघाड शेतातला की घरातला हे आम्हालाही ओळखता येत नाही.