जुनी पॉकेट पिस्तुले : संग्रह आणि खरेदी

कोटाच्या किंवा पाटलोणीच्या खिशात मावेल आणि एका हाताने चालवता येईल अशा बेताने बनवलेल्या लहान पिस्तुलाला पॉकेट पिस्तूल म्हणतात. अठराव्या शतकातील चकमकीच्या (गारेच्या ठिणगीने बार उडणाऱ्या) पिस्तुलांपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या सेमी-ऑटोमॅटिक (प्रत्येक बारानंतर पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या) पिस्तुलांपर्यंत अनेक पिढ्यांचे नमुने या प्रकारात मोडतात. युरोप व अमेरिकेत त्यांचा संग्रह करणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. सैनिकी शस्त्रे सरकारी मागणीनुसार एकाच साच्यातून निघत. पॉकेट पिस्तुले खासगी गिऱ्हाइकासाठी बनत. त्यामुळे आकार, यंत्रणा, मूठ, मुलामा आणि नक्षीकाम यांत त्यांच्याइतकी विविधता अन्य हातशस्त्रांत क्वचितच आढळते. शिवाय ती जागा कमी घेतात. एका कपाटात दोनशे वर्षांचा यंत्रविद्येचा इतिहास मांडता येतो, हे या छंदाचे मोठे आकर्षण आहे.

लंडन, बर्मिंगहॅम आणि बेल्जियममधील लिएज ही जुन्या नमुन्यांची मुख्य केंद्रे होत. तेथील चकमकीच्या लहान पिस्तुलांची नळी पेचाने फिरवून काढता येई आणि दारू-गोळी मागच्या बाजूने भरली जाई. काहींचा चाप पोटात दुमडलेला असे व घोडा, म्हणजे आदळून बार उडवणारा भाग, मागे ओढल्यावरच बाहेर येई, म्हणजे तो खिशात अडकत नसे. पुढे फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने बनवलेली आखूड पिस्तुले अमेरिकेत गाजली. १४ एप्रिल १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांच्यावर झाडलेले पिस्तूल त्याच्याच बनावटीचे होते. ते आज वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमधील संग्रहालयात आहे. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये सायकलस्वारांच्या अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्यांसाठी ‘व्हेलो-डॉग’ नावाची छोटी रिव्हॉल्व्हरे निघाली. ती सामाजिक इतिहासाचा ऐवज म्हणूनही जमवली जातात.

या प्रकाराला आधुनिक रूप दिले ते युटातील ऑग्डेनच्या जॉन ब्राउनिंगने (१८५५–१९२६). त्याच्या रचनांवरून युरोपसाठी लिएजजवळच्या हेर्स्टालमधील एफएन कारखाना आणि अमेरिकेसाठी हार्टफर्डची कोल्ट कंपनी पिस्तुले बनवत असे. एफएनची १९०० व १९१० ही मॉडेले इतिहासात शिरली ती राजकीय हत्यांमुळे. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड याच्या हत्येसाठी गाव्रिलो प्रिन्सिपने वापरलेले पिस्तूल १९१० मॉडेलचे होते. ते व्हिएन्नाच्या सैनिकी संग्रहालयात आहे. महाराष्ट्राचाही येथे थेट संबंध येतो. १९०९ साली वि. दा. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर ब्राउनिंग बनावटीची २० पिस्तुले खोट्या तळाच्या पेटीतून हिंदुस्थानात पाठवली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या याच साठ्यातील पिस्तुलाने.

संग्राहकांमध्ये सर्वाधिक अभ्यासले गेलेले मॉडेल म्हणजे कोल्टचे १९०३ सालचे पॉकेट पिस्तूल, आणि नव्या संग्राहकाने सुरुवात येथूनच करावी हे उत्तम. ते .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे इंचातील माप) असून १९०८ पासून .३८० बोअरमध्येही मिळू लागले. उत्पादन १९४५ पर्यंत चालले आणि दोन्ही मिळून सुमारे ७ लाख नग बनले. म्हणजे ते दुर्मिळ नाही. उत्तम अवस्थेतले मात्र दुर्मिळ आहे. कंपनी त्याला ‘हॅमरलेस’ म्हणत असली तरी घोडा आतच आहे, स्लाइडखाली (नळीवरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या आवरणाखाली) झाकलेला. त्यामुळे बाहेर काहीच टोकदार उरत नाही. पाठ सपाट, कडा मऊ, मुठीच्या मागे दाबाने सुटणारी सुरक्षा-पट्टी. हातात घेतल्यावर इतके बेताचे आणि तोलदार पिस्तूल त्या काळात दुसरे कोणी बनवले नाही.

सुरुवातीच्या नगांची नळी ४ इंची, नंतरच्यांची पाव इंच कमी चार, म्हणजे ३.७५ इंची. आधी नळीच्या तोंडाशी वेगळी कडी असे, पुढे ती गेली. मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) काढले की चाप बंद पडेल अशी सोय शेवटच्या टप्प्यात आली. मूठ आधी कडक काळ्या रबराची, मग चौकड्या कोरलेल्या अक्रोडाच्या लाकडाची व त्यात बसवलेल्या कोल्टच्या बिल्ल्याची. या बदलांवरून संग्राहक पाच प्रकार पाडतात. अमेरिकी सैन्याने जनरल दर्जाच्या अधिकाऱ्यांना दिलेले नग आणि शांघाय म्युनिसिपल पोलिसांच्या खुणा असलेले नग यांना वेगळी मागणी असते.

खरेदीत सर्वांत मोठा प्रश्न मूळ झिलईचा. कारखान्यातील निळसर काळी झिलई ज्याच्यावर टिकून आहे ते पिस्तूल, आणि झिजल्यावर पुन्हा घासून झिलई दिलेले पिस्तूल, यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दुसरे अधिक चकचकीत दिसते, म्हणून नवखा माणूस नेमके तेच उचलतो. ओळखण्याची रीत अशी : स्लाइडच्या डाव्या बाजूची पेटंटच्या तारखांची अक्षरे आणि कोल्टचे उधळत्या घोड्याचे बोधचिन्ह भिंगाखाली पाहावे. मूळ ठशाच्या कडा बोटाला जाणवतील इतक्या धारदार असतात. पॉलिशच्या चाकावर धरलेल्या पिस्तुलाची अक्षरे उथळ होतात, सपाट पृष्ठभाग लाटेसारखा दिसू लागतो आणि पिनांच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात. गंजाचे खड्डे झिलईच्या वर नसून खाली दिसले, तर वाद संपला. ते पिस्तूल पुन्हा रंगवलेले आहे. खरी झीज ठरलेल्या जागी असते : नळीच्या तोंडाशी कातडी म्यानाने, आणि मुठीच्या पुढच्या-मागच्या पट्टीवर घामाने. मॅगझिनही पाहावे. जुन्या कोल्टचे मॅगझिन दोन छटांचे असे, तळाकडे निळे आणि वर पांढरट. पिस्तूल जुने आणि मॅगझिन नंतरचे, अशी जोडी बाजारात सर्रास सापडते.

इतर बनावटींच्या अशाच ठरलेल्या खुणा आहेत. स्मिथ अँड वेसनच्या, काडतुसे भरण्यासाठी मधून दुमडून उघडणाऱ्या जुन्या रिव्हॉल्व्हरांना कारखान्यात निकेल चढवले, तरी चापाभोवतीची कडी निळीच ठेवत. कडीवरही निकेल असेल तर मुलामा नंतरचा. रेमिंग्टनचे एकावर एक दोन नळ्यांचे डेरिंजर (डेरिंजरच्या नावावरून अशा आखूड पिस्तुलांना पडलेले नाव) १८६६ ते १९३५ इतका दीर्घकाळ बनले. त्याची नळी वर उचलताना ज्या बिजागरीवर फिरते तिचे कान पातळ असल्याने तडकतात. विकणारा काहीही म्हणो, बिजागरी आधी तपासावी. बेल्जियन पिस्तुलावर अंडाकृतीत ‘ईएलजी’ ही लिएजच्या चाचणीगृहाची खूण असते. वर मुकुट असेल तर ते १८९३ नंतरचे, असे सर्वसाधारणपणे धरतात.

झिलईनंतर महत्त्व क्रमांकाचे व कागदपत्रांचे. कोल्टच्या अभिलेख विभागाकडून क्रमांकावरून पत्र मिळते. त्यात पिस्तूल कोणत्या तारखेला, कोणाकडे, कशा मुलाम्यात रवाना झाले ते असते. ‘अमक्या प्रसिद्ध माणसाचे’ म्हणून सांगितलेली कथा कागदावाचून मोजू नये. क्रमांकाची ताकद किती, याचे ठळक उदाहरण भारतातीलच आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सवर राजगुरू व भगतसिंग यांनी गोळ्या झाडल्या. भगतसिंगांचे .३२ बोअरचे कोल्ट खटल्यानंतर फिल्लौरच्या पोलिस अकादमीत आणि १९६९ मध्ये तेथून सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील शस्त्रशाळेत गेले. तेथे ते रंगाच्या थराखाली, ओळख हरवून, वर्षानुवर्षे इतर शस्त्रांमध्ये पडून होते. २०१६ मध्ये रंग खरवडल्यावर १६८८९६ हा क्रमांक दिसला व तो खटल्याच्या नोंदींशी जुळला. आता ते पंजाबात हुसैनीवाला येथे आहे. चंद्रशेखर आझाद यांचे कोल्टही १९०३ मॉडेलचेच. ते प्रयागराजच्या संग्रहालयात पाहता येते.

हाताळणीचा नियम एकच : प्रत्येक जुने पिस्तूल भरलेले आहे असे धरून चालायचे. मॅगझिन काढल्यावरही एक काडतूस नळीत राहू शकते, आणि ठासणीच्या पिस्तुलात शंभर वर्षांपूर्वीची दारू तशीच सापडते. मूळ झिलईला वायर ब्रश वा पॉलिश लावू नये. हलके तेल आणि मऊ फडके पुरे. कातडी म्यानात ठेवलेले पिस्तूल गंजते.

कायदे देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने १८९८ पर्यंत बनलेली शस्त्रे ‘अँटिक’ ठरतात. पन्नास वर्षांहून जुन्यांसाठी संग्राहकांचा वेगळा परवाना मिळतो. शुल्क तीन वर्षांना ३० डॉलर, आणि प्रत्येक खरेदी-विक्रीची वहीत नोंद सक्तीची. ब्रिटनमध्ये १९९६ च्या डनब्लेन येथील शाळेतील हत्याकांडानंतर हातशस्त्रांवर बंदी आली. ज्यांची काडतुसे कालबाह्य झाली आहेत अशी जुनी शस्त्रे शोभेची वस्तू म्हणून ठेवता येतात. कोल्ट १९०३ त्यात बसत नाही, कारण .३२ ची काडतुसे आजही बनतात.

भारतात १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे. चालू स्थितीतले कोणतेही पिस्तूल, कितीही जुने असले तरी, परवान्याशिवाय ठेवणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीच्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली, त्यामुळे विदेशातल्यासारखा मोठा खासगी संग्रह येथे उभा राहत नाही. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या शस्त्राला कायद्यात सूट आहे, पण ते तसे आहे हे मालकाने स्वतःच ठरवू नये. परवाना अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावे. वाड्यात आजोबांचे वेब्ली (ब्रिटिश बनावटीचे) किंवा कोल्ट पिस्तूल कपाटात सापडले आणि परवानाधारक हयात नसेल, तर ते विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते. त्यानंतर वारसाला स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो.