वायुदाबाची घरगुती नोंद

छोट्या इलेक्ट्रॉनिक सेन्सरने हवेचा दाब ठरावीक अंतराने मोजायचा, वेळेसकट साठवायचा आणि त्याचा आलेख काढायचा, असा हा छंद. पूर्वी हे काम बॅरोग्राफ करी. त्यातली निर्वात धातूची डबी दाबानुसार आक्रसे-फुगे आणि तिला जोडलेले टोक घड्याळाच्या चावीवर फिरणाऱ्या नळकांड्यावरच्या कागदावर शाईची रेघ ओढी. बहुधा आठवड्याला एक फेरा, एक कागद. आर्डुइनो (२००५) आणि पुढे वायफाय असलेले ईएसपी८२६६ (२०१४) हे सेन्सर जोडता येणारे छोटे, स्वस्त संगणक-बोर्ड आल्यावर ती रेघ घरोघरी काढता येऊ लागली.

यासाठी खूप वापरला जाणारा सेन्सर म्हणजे बॉश कंपनीचा बीएमपी२८०. नखाएवढ्या पट्टीवरची ही चिप ३०० ते ११०० हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचे एकक) दाब मोजते. तिचा प्रत्यक्ष आकडा एखाद्या हेक्टोपास्कलने चुकू शकतो, पण लागोपाठच्या दोन आकड्यांतला फरक ती फार बारकाईने सांगते, आणि आलेखाला तोच हवा असतो. चिप ३.३ व्होल्टवर चालते; नुसत्या चिपला थेट पाच व्होल्ट दिले तर ती जळण्याचा धोका असतो. समुद्रसपाटीजवळ दर आठ-साडेआठ मीटर चढल्यावर दाब एका हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात ९५०च्या आसपासचा आकडा दिसला, तर सेन्सर बिघडलेला नाही.

नोंदी सुरू होऊन चार दिवस झाले की आलेखात एक लाट स्पष्ट दिसू लागते. दाब सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो, दुपारी चारला उतरतो, रात्री दहाला पुन्हा चढतो आणि पहाटे चारला पुन्हा उतरतो. सूर्याच्या उष्णतेने वरच्या थरांतला ओझोन आणि खालची वाफ तापते, त्यातून साऱ्या वातावरणात उठणारी ही भरती-ओहोटी. उष्ण कटिबंधात तिचा चढउतार दोन ते चार हेक्टोपास्कलांचा असतो. युरोपात ती येणाऱ्या-जाणाऱ्या वादळी पट्ट्यांखाली झाकली जाते. महाराष्ट्रात मात्र हिवाळ्याच्या निरभ्र दिवसांत घड्याळ लावावे इतकी नियमित दिसते. डोळ्यांना, कातडीला कधीच न कळणारी गोष्ट खिडकीतल्या एवढ्याशा चिपने दाखवावी, हेच या छंदाचे खरे सुख.

हीच लाट घड्याळाची चूकही पकडते. बोर्ड इंटरनेटवरून वेळ घेतो ती जागतिक प्रमाणवेळ असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. ही भर घालायची राहिली, तर सकाळी दहाचे शिखर आलेखात साडेचारला दिसते, म्हणजे जिथे खळगा हवा तिथेच उंचवटा. इंटरनेट नसेल तिथे डीएस३२३१ हे बॅटरीवरचे घड्याळ लावतात. ते वर्षाकाठी मिनिटभरच मागेपुढे होते.

मिनिटाला एक याप्रमाणे दिवसाच्या १४४० नोंदी होतात. ओळीत वेळ, दाब आणि तापमान एवढेच लिहिले, तर वर्षभराची फाइल वीसेक मेगाबाइटच्या आत राहते, त्यामुळे काटकसरीने तासाला एकच नोंद घेण्याचे कारण उरत नाही. वीज गेली तर तेवढी जागा कोरी सोडावी. शून्य लिहिले की आलेख थेट तळाला जातो, आणि दोन टोके रेघेने जोडली की न मोजलेली हवा मोजल्यासारखी दिसते. उभा अक्ष शून्यापासून सुरू करू नये, नाहीतर दिवसभराची लाट सपाट रेघ होऊन बसते. ९४० ते ९६० एवढीच पट्टी पुण्याला पुरते.

मिनिटाच्या नोंदीचे मोल १५ जानेवारी २०२२ रोजी जगभरच्या हौशी लोकांना कळले. प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाजवळील समुद्रातल्या ज्वालामुखीच्या स्फोटाने उठलेली दाबाची लाट पृथ्वीभोवती फिरली आणि हजारो किलोमीटर दूरच्या घराघरांतल्या आलेखांवर उमटली. एक-दोन हेक्टोपास्कलांचा तो हेलकावा होता. तासाला एक नोंद घेणाऱ्याकडे तो एखाद्या चुकार बिंदूवर भागला असता. मिनिटाची नोंद असलेल्यांना मात्र त्याचा चढ आणि उतार दोन्ही दिसले, आणि पुढच्या दिवसांत तीच लाट परत फिरून आलेलीही सापडली.