कॅमेऱ्याला चेहरे शिकवले नटनट्यांनी

भाची कोल्हापुरात बारावीला आहे. परवा तिने एक कादंबरी एका बैठकीत संपवली. भविष्यातलं शहर, जागोजागी कॅमेरे, प्रत्येक पोराचं चोवीस तास प्रक्षेपण. ज्याला जास्त प्रेक्षक तो सेलिब्रिटी, उरलेल्यांची किंमत शून्य. पुस्तक मिटून तिने विचारलं, "मामा, बिंदू चौकातला कॅमेरा पण मला असाच ओळखत असंल काय?" शेजारच्या काकांनी लगेच ठोकून दिलं, "ओळखतोय की! दोन डोळ्यांतलं अंतर मोजायचं, झालं."

हे अंतर मोजणं पन्नास वर्षं जुनं झालं. १९७३ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठात ताकेओ कानादे यांनी डोळे, नाक, हनुवटी यांची मापं काढणारी संगणकप्रणाली प्रबंधात मांडली होती. पण मान जरा वळली, माणूस हसला, की मापं बदलतात. आजची पद्धत निराळी आहे, आणि मला विचाराल तर फार देखणी आहे.

कॅमेरा फक्त चित्र टिपतो. ओळखण्याचं काम त्याच्या मागच्या प्रणालीचं, आणि ती जोडलेली नसेल तर कॅमेऱ्याला तुम्ही आणि विजेचा खांब सारखेच. ही प्रणाली चित्रातला चेहरा हुडकते आणि त्याचे आकडे बनवते. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या 'फेसनेट' पद्धतीत एका चेहऱ्याचे १२८ आकडे होतात. त्यातला अमुक आकडा नाकाचा, तमुक ओठाचा, असं काही नसतं. हे आकडे म्हणजे पत्ता समजा. राजारामपुरीत गल्लीचा नंबर आणि घराचा नंबर सांगितला की माणूस सापडतो. इथे पत्ताच १२८ आकड्यांचा. एका माणसाचे सगळे फोटो एकमेकांच्या शेजाराला यायला हवेत, मग तो दाढी वाढवलेला असो नाहीतर लग्नात फेटा बांधलेला.

हा शेजार जमवायची युक्ती तीन फोटोंची. दोन एकाच माणसाचे, तिसरा भलत्याचाच. पहिल्या दोघांतलं अंतर तिसऱ्यापर्यंतच्या अंतरापेक्षा ठरावीक फरकाने कमी भरलं पाहिजे. नाही भरलं, तर प्रणालीतली लाखो वजनं, म्हणजे फोटोवरून पत्ता काढताना ती वापरते ते आकडे, किंचित हलवायची आणि पुढचं त्रिकूट घ्यायचं. गंमत अशी, की सोप्या त्रिकुटांतून यंत्र काहीच शिकत नाही. खासबागेतला पैलवान आणि तान्हं बाळ यांतला फरक त्याला आधीच कळलेला असतो, मग वजनं हलतच नाहीत. म्हणून मुद्दाम फसवी, म्हणजे भलताही पहिल्यासारखाच दिसेल अशी, त्रिकुटं निवडतात. पण सुरुवातीलाच सर्वांत फसवी दिली, तर सगळे चेहरे एकाच पत्त्यावर येऊन कोसळतात! तेव्हा मधली निवडायची.

चेहऱ्यावरून स्वभाव किंवा गुन्हेगारी वृत्ती सांगतो म्हणणाऱ्यांना मात्र या आकड्यांत काही आधार नसतो. संगणकावर बसवलं म्हणून मुखसामुद्रिकाचं विज्ञान होत नाही.

आता त्रिकुटांसाठी एकाच माणसाचे ढीगभर फोटो आणायचे कुठून? बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवून सिनेमे काढले त्या गावात हे सांगायला नको: प्रसिद्ध माणसाचे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने २००७ मध्ये खुला केलेला संग्रह बातम्यांतल्या फोटोंचा होता. ५,७४९ माणसं, १३,२३३ फोटो. त्यातले ५३० एकट्या जॉर्ज बुश यांचे. ऑक्सफर्डच्या २०१५ च्या संग्रहात २,६२२ नामवंतांचे २६ लाख फोटो होते. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये सुमारे एक लाख 'सेलिब्रिटीं'चे कोटभर फोटो गोळा केले. त्यात पत्रकार होते, आणि अशा पाळतीविरुद्ध लिहिणारेही होते. बोभाटा झाल्यावर २०१९ मध्ये तो संग्रह काढून घेतला. म्हणजे कादंबरीत पाळतीतून सेलिब्रिटी घडतात, प्रत्यक्षात सेलिब्रिटींच्या फोटोंवर पाळत घडली.

कादंबरीतला कॅमेरा चुकतही नाही, ते तर अजिबात पटत नाही. दोन पत्ते किती जवळ आले की 'हाच तो' म्हणायचं, ती मर्यादा माणूस ठरवतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेला लाखो लोक येतात. समजा त्यातले एक लाख चेहरे पोलिसांना हव्या असलेल्यांच्या यादीशी ताडून तपासले आणि चूक हजारात एकच झाली. म्हणजे साधारण शंभर निरपराध भाविकांवर इशारा वाजला. यादीतले खरे पाच जण आले असतील आणि पाचही सापडले, तरी १०५ इशाऱ्यांतले शंभर खोटे. मर्यादा कडक करा, खोटे इशारे घटतात. मग त्या पाचांतलेही निसटू लागतात.

ही चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१९ मध्ये तपासलेल्या पुष्कळ प्रणालींत आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांची खोटी जुळणी गोऱ्यांच्या १० ते १०० पट निघाली. आशियात तयार झालेल्या काही प्रणालींत मात्र आशियाई आणि गोऱ्या चेहऱ्यांमध्ये एवढी तफावत दिसली नाही.