‘नॉर्मल काम’ म्हणजे नेमकं काय? लॅपटॉप निवडून देण्यामागची पार्श्वभूमी

इंदुरात आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये लॅपटॉप घ्यायला आलेला माणूस पहिल्या मिनिटात हमखास म्हणतो, ‘भिया, अपना तो नॉर्मल काम है.’ रामबागेतले काका-काकू असले तर हेच मराठीत येतं: ‘विशेष काही नाही हो, आपलं नॉर्मल काम.’ त्यावर काउंटरवरचा पोरगा विचारतो, ‘बजेट?’ आणि इथेच निम्म्याहून अधिक खरेद्या बिघडतात. तंत्रातलं न कळणाऱ्या ग्राहकाशी बोलून, त्याचं काम बघून त्याला लॅपटॉप सुचवायचा हा जो प्रकार आता रूढ होतो आहे, त्याचं मूळ या दोन वाक्यांत आहे. २०१६ ते २०२१ मी अशाच एका दुकानात काउंटरमागे काढली, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपणार नाही.

वापरणाऱ्याच्या शेजारी बसून बघण्याची पद्धत तशी जुनी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत कॉपी काढायच्या यंत्रासमोर संगणकशास्त्रातल्या जाणत्यांना उभं करून त्यांची उडालेली भंबेरी चित्रित केली गेली. ‘गिऱ्हाइकाला अक्कल नाही’ हा बचाव तेव्हापासून लंगडा पडला. साधारण त्याच काळात, १९८१ साली, उचलून नेण्याजोगा म्हणून जो संगणक विकायला आला तो जवळपास ११ किलोंचा होता, पडदा ५ इंचांचा. त्याच्या ग्राहकाला सल्लागार नव्हे, हमाल लागत असणार.

निवडीचा खरा घोळ मोजमाप हरवलं तेव्हा सुरू झाला. तोवर प्रोसेसरच्या, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूच्या, वेगाचा मेगाहर्ट्झमधला, मग गिगाहर्ट्झमधला आकडा मोठा तो लॅपटॉप वेगवान, एवढं पुरत होतं. २००३ साली खास लॅपटॉपसाठी आलेला एक प्रोसेसर कमी गिगाहर्ट्झमध्ये त्याहून बऱ्याच मोठ्या आकड्याच्या पेंटियम ४ची बरोबरी करू लागला, आणि पुढच्याच वर्षी तो बनवणाऱ्या इंटेलने नावातून वेगाचा आकडा काढून मॉडेल क्रमांक दिले. २००८ ते २०१० दरम्यान आय-सेव्हन, आय-फाइव्ह, आय-थ्री ही प्रोसेसरची नावं आली. तीन, पाच, सात ही चढती भाजणी कुणालाही कळते, म्हणून ती लोकांच्या तोंडी बसली. ती दर वर्षी खरी नसते, हे कळायला मात्र काउंटरवर उभं राहावं लागतं. २०१७मध्ये आमच्याकडे सातव्या पिढीचा (म्हणजे आवृत्तीचा) पातळ लॅपटॉपमधला आय-सेव्हन होता दोन कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे हात), आणि नवा आलेला आठव्या पिढीचा आय-फाइव्ह चार कोरचा. नवा स्वस्तही होता. तरी ‘सात म्हणजे सातच’ म्हणून लोक जास्त पैसे मोजून जुना माल उचलत. आमच्यातल्या कुणी त्यांना फार अडवलंही नाही, हे कबूल करतो.

आता ‘नॉर्मल’कडे येऊ, कारण सगळं अडतं ते याच शब्दावर. ग्राहकाच्या लेखी नॉर्मल म्हणजे ‘मी रोज करतो ते’. दुकानदाराच्या लेखी नॉर्मल म्हणजे ‘सगळ्यात स्वस्तातला चालेल’. सी.ए.कडे आर्टिकलशिप करणारी मुलगी नॉर्मल म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे टॅली असतं, सोबत हजारो ओळींची एक्सेल आणि मागे उघडे पंचवीस टॅब. आर्किटेक्चरच्या मुलाला ऑटोकॅडसारखं नकाशे काढायचं जड सॉफ्टवेअर नॉर्मल वाटतं, कारण वर्गात सगळेच ते वापरतात. सुदामानगरातले एक निवृत्त बँक अधिकारी माझ्या चांगले लक्षात आहेत. चिठ्ठीवर लिहून आणलं होतं: ‘आय-फाइव्ह, १४ इंच, नॉर्मल काम’. मी सहज विचारलं, ‘काका, मागच्या आठवड्यात कॉम्प्युटरवर काय काय केलंत?’ तर फोनमधले फोटो उतरवत बसले होते, जागा संपली, मुलाला अमेरिकेत व्हिडिओ कॉल लावला, सोसायटीचा हिशेब केला. बोलता बोलता समोरच्या पडद्यापुढे ते मान डावीउजवीकडे झुकवत होते. स्वस्तातला पडदा बाजूने पाहिला की फिका पडतो, तो त्यांना दिसेना. त्यांना हवा होता मोठा, चांगला पडदा आणि भरपूर जागा. आय-फाइव्हशी त्या गरजेचा काही संबंध नव्हता. ‘कशासाठी हवाय?’ विचारलं असतं तर उत्तर ‘नॉर्मल’च आलं असतं. माणूस पुढे काय करणार याबद्दल मोघम बोलतो, मागे काय केलं ते नेमकं सांगतो. ग्राहक-अभ्यास करणारे हे फार आधीपासून सांगत आलेत, आम्ही ते धडपडत शिकलो.

‘मेमरी’ शब्दानेही असाच छळ मांडलेला असतो, पण तो लवकर सुटतो. रॅमला (चालू कामापुरती जागा) मेमरी म्हणणारे आणि एसएसडीला (फाइली साठवायची जागा) मेमरी म्हणणारे एकाच घरातून येतात. ५१२ जीबीचा लॅपटॉप घरी उघडला की ४७६ दिसतात आणि ‘छत्तीस जीबी कुठे खाल्ले?’ म्हणून फोन येतो. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४च्या. आम्ही पुढे हे बिल करतानाच सांगायला लागलो, फोन बंद झाले.

वाद पेटला तो दुसऱ्याच निर्णयावर. ग्राहकाला काय विचारायचं याची प्रश्नावली आम्ही दुकानात तयार करत होतो, तेव्हा एका बाजूचं म्हणणं, ग्राहकाला तांत्रिक आकडे दाखवायचेच नाहीत. काम विचारा, तीन लॅपटॉप समोर ठेवा, संपलं. मीही याच बाजूचा होतो. कागदावर ते छान दिसतं. प्रत्यक्षात काकूंना आमचे तिन्ही पर्याय पटायचे, त्या एकाचा फोटो काढायच्या आणि पुण्यातल्या भाच्याला पाठवायच्या. भाचा आयटीत. पाच मिनिटांत उत्तर: ‘प्रोसेसर कोणता? जनरेशन कोणती?’ ते लॅपटॉपपुढे ठेवलेल्या आमच्या माहितीच्या कार्डावर नसायचं, म्हणजे दुकानदार लपवतोय. सौदा मोडला! आमच्या सगळ्या अभ्यासात भाचा कुठेच नव्हता. काउंटरवर उभं असतं त्यालाच आम्ही ग्राहक समजत होतो. मग कार्डाच्या पुढच्या बाजूला काम आणि मागच्या बाजूला भाच्यासाठी आकडे, अशी तडजोड झाली. काही जुने सहकारी अजून तिला हार म्हणतात. मला वाटत नाही.

बजेटचा प्रश्न आधी की शेवटी, हा मध्य प्रदेशात नुसता तात्त्विक मुद्दा नाही. बारावीला चांगले गुण मिळवणाऱ्यांना राज्य सरकारकडून लॅपटॉपसाठी २५,००० रुपये खात्यात येतात. निकालानंतरच्या गर्दीत ‘पच्चीस में दिखाओ’ हेच पहिलं वाक्य. त्या काळात तेवढ्यात बहुधा सेलेरॉन हा स्वस्तातला प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि रखडत चालणारी हार्ड डिस्क मिळायची. मूल इंजिनिअरिंगला निघालेलं असायचं. चार-पाच हजार घालून एसएसडी आणि रॅम वाढवता येते, हे बजेट आधी विचारणारा काउंटर कधी सांगत नसे. २०२०च्या टाळेबंदीनंतर मात्र जे होतं ते विकलं गेलं. कुणी काही विचारलं नाही, आम्हीही नाही.

त्यानंतरच्या वर्षांनी तर भाच्यालाही गोंधळात टाकलं आहे. एएमडी कंपनीच्या २०२३च्या रायझन प्रोसेसरमध्ये मॉडेलचा पहिला अंक वर्षाचा आणि तिसरा अंक खऱ्या पिढीचा: ७५२०यू हा नावाने ताजा, आतून २०१९ची रचना. डिसेंबर २०२३पासून इंटेलने ‘आय’ काढून ‘कोर अल्ट्रा’ आणलं. चौदाव्या पिढीनंतर लॅपटॉपच्या नव्या नावांत ती मोजणीच राहिली नाही. मे २०२४मध्ये लॅपटॉपवर एआयचा वेगळा शिक्का आला, त्याला किमान १६ जीबी रॅमची अट. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट (कंपनीकडून नेहमी मिळणारे अपडेट) संपला, आणि विंडोज ११ आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर घेत नाही. २०१७ला हट्टाने सातव्या पिढीचा आय-सेव्हन नेलेली मंडळी आता परत येत आहेत. नव्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न मागच्या आठवड्याचा आहे, बजेट चौथ्या ओळीवर गेलंय, आणि शेवटी एक नवीन ओळ आहे: ‘घ्यायच्या आधी कुणाला विचारणार?’ परवा एका काकूंनी तिथे एका चॅटबॉटचं नाव लिहिलं.