वेंगर आणि २००४ नंतरचा ‘दुष्काळ’

धरमपेठेतल्या पोह्याच्या ठेल्यावर फुटबॉलचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतोच, “काय बे, २००४ नंतर वेंगरनं काही जिंकलं का?” आर्सेनल या इंग्लिश क्लबचे माजी प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांच्याबद्दल वर्षानुवर्षं हे ऐकतोय. हे खरं नाही.

प्रीमियर लीगचं शेवटचं जेतेपद २००४ चं, एकही सामना न हरता मिळवलेलं, हे मान्य. पण एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली बाद फेरीची जुनी स्पर्धा? २००५, २०१४, २०१५ आणि २०१७. आर्सेनलला त्यांनी एकूण सात एफए कप मिळवून दिले.

गैरसमजाचं मूळ २००५ ते २०१४ या नऊ वर्षांत आहे. तेव्हा खरंच एकही करंडक आला नाही. २००६ मध्ये क्लब हायबरी हे जुनं मैदान सोडून सुमारे साठ हजार प्रेक्षकांच्या नव्या स्टेडियमवर गेला, त्याचं कर्ज डोक्यावर होतं. फाब्रेगास, नास्री, व्हॅन पर्सी असे मोठे खेळाडू एकेक करून गेले. तरी दर वर्षी संघ युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगला पात्र ठरायचा. हे कुणी मोजतच नाही.

२०१४ ची एफए कप फायनल मी मे महिन्याच्या उकाड्यात, कूलरसमोर बसून पाहिली. आठ मिनिटांत समोरचा हल सिटी संघ दोन गोलनी पुढे! मग आमच्या काझोर्लाची फ्री किक, कोसिएल्नीची बरोबरी आणि जादा वेळेत रॅमसीचा गोल. घरचे झोपले होते, तोंडावर उशी दाबून ओरडलो.

राग मलाही आहे. चॅम्पियन्स लीगमध्ये जर्मनीच्या बायर्न म्युनिककडून दोन सामन्यांत मिळून १०-२ असं हरलो, ते अजून सलतं. वेंगर २०१८ मध्ये गेले, त्याआधीच त्यांनी थांबायला हवं होतं, असंही वाटतं. पण राग धरायचा तर या गोष्टींचा धरा. जिंकलेले चार कप खोडून नको.