गटनिहाय आलेखन (असमान गट)

एकाच आलेखात अनेक गटांची विदा (डेटा) दाखवताना प्रत्येक गटाला वेगळा रंग, खूण आणि नाव देण्याची पद्धत. गटांतील नोंदींची संख्या कमीजास्त असेल तर हे काम नाजूक होते. कोणत्या गटामागे किती नोंदी आहेत हे बऱ्याच आलेखांत आपोआप दिसत नाही, ते मुद्दाम दाखवावे लागते.

अंटार्क्टिकातील पामर द्वीपसमूहावरील पेंग्विनांचा विदासंच याचे चांगले उदाहरण आहे. क्रिस्टन गॉर्मन आणि सहकाऱ्यांनी २००७ ते २००९ या काळात गोळा केलेल्या या संचात तीन प्रजातींचे ३४४ पक्षी आहेत: अडेली १५२, जेंटू १२४, चिनस्ट्रॅप ६८. पंखाची लांबी आणि वजन यांचा बिंदू-आलेख काढला की जेंटू बाजूला पडतात, पण अडेली आणि चिनस्ट्रॅप एकमेकांत मिसळतात. अडेलीचे बिंदू शेवटी काढले तर त्यांच्याखाली बरेच चिनस्ट्रॅप झाकले जातात. म्हणून मोठा गट आधी काढावा, लहान गट नंतर, आणि बिंदू थोडे पारदर्शक ठेवावेत. रंगाच्या जोडीला गोल, त्रिकोण अशा खुणा दिल्या तर रंगांधळ्या वाचकाचीही सोय होते.

पेटी-आलेखात (बॉक्स प्लॉट, यात प्रत्येक गटाचा मध्य आणि पसारा एका पेटीने दाखवतात) संख्या पूर्णच लपते. ६८ पक्ष्यांची पेटी १५२ पक्ष्यांच्या पेटीइतकीच भारदस्त दिसते. मॅकगिल, ट्यूकी आणि लार्सन यांनी १९७८ मध्ये पेटीची रुंदी नोंदसंख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात ठेवण्याची रीत मांडली. त्यानुसार अडेलीची पेटी चिनस्ट्रॅपच्या जवळपास दीडपट रुंद होते. तरी रुंदीवरून नेमका आकडा कळत नाही, तेव्हा अक्षावर ‘चिनस्ट्रॅप (६८)’ असे लिहिणे उत्तम.

स्तंभालेखात वेगळीच अडचण येते. याच संचातील टॉर्गरसन बेटावर फक्त अडेली आहेत, ५२. जीजीप्लॉट२ (आर भाषेतील आलेखनाचे साधन) मध्ये प्रत्येक बेटासाठी प्रजातींचे शेजारी-शेजारी स्तंभ काढले की हा एकटा स्तंभ बेटाची सगळी जागा व्यापतो आणि उगाच मोठा भासतो. सर्व स्तंभांची रुंदी समान ठेवण्याची सोय त्यात आहे, ती वापरावी.

रंग क्रमाने नव्हे, नावाने बांधावेत. मॅटप्लॉटलिब या पायथन भाषेतील आलेखन-साधनाच्या नेहमीच्या रंगचक्रात १० रंग आहेत. अकराव्या गटाला पुन्हा पहिलाच रंग मिळतो आणि मधला एखादा गट गाळला की पुढच्या सर्वांचे रंग सरकतात.

मराठी नावांसाठी फॉन्टही तपासावा लागतो. मॅटप्लॉटलिबच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नसल्याने अक्षरांऐवजी रिकामे चौकोन उमटतात.