जलदृश्य (कोल्हापूर परंपरा)

पाणी हाच मुख्य विषय असलेले निसर्गचित्र. यातील सागरदृश्य हा प्रकार सतराव्या शतकात नेदर्लंड्‌समध्ये स्वतंत्रपणे रुजला. क्रिमियातील फिओदोसिया या बंदरात जन्मलेला इव्हान आयवाझोव्हस्की (१८१७–१९००) हा त्याचा पुढील काळातील मोठा चित्रकार. कोल्हापूरला मात्र समुद्र घाट उतरल्याशिवाय दिसत नाही. येथील जलदृश्य घडले ते रंकाळा व कोटितीर्थ हे तलाव आणि पंचगंगा नदी यांच्या काठी.

या परंपरेचा आरंभ सामान्यतः आबालाल रहिमान यांच्यापासून धरतात. त्यांचे जन्मवर्ष कोठे १८५६, तर कोठे १८६० असे दिलेले आढळते. मृत्यू १९३१ मध्ये झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकून ते कोल्हापुरास परतले आणि त्यांना शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. त्यांना दृक्‌प्रत्ययवादी (इंप्रेशनिस्ट, म्हणजे बदलत्या प्रकाशाचा क्षणिक ठसा टिपणारे) म्हणावे काय, यावर मतभेद आहेत. या पंथाला नाव मिळाले तेही एका जलदृश्यावरून : क्लोद मोने याने रंगवलेले ल आव्र बंदरातील सूर्योदयाचे चित्र १८७४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले होते. एकाच जागेकडे वेगवेगळ्या प्रहरी पुन्हा वळणे हे साम्य खरे. पण तेवढ्यावरून थेट प्रभाव मानणे धाडसाचे ठरेल. कलाशाळेतील जलरंगाचे शिक्षण आणि रोजचे निरीक्षण एवढी कारणे पुरेशी वाटतात.

स्थिर पाणी व लाट यांचे तंत्र वेगळे. रंकाळ्यातील अर्धवट बुडालेला संध्यामठ रंगवताना आधी कागदभर फिकट वॉश (पातळ जलरंगाचा थर) देतात. तो ओलसर असतानाच मठाचे प्रतिबिंब उभ्या फटकाऱ्याने खाली ओढतात आणि मग कोरडवलेल्या स्वच्छ कुंचल्याने त्यावर एखादी आडवी रेघ पुसून घेतात. त्या एका रेघेने पाण्याची पातळी ठरते. गडद वस्तूचे प्रतिबिंब वस्तूहून किंचित उजळ ठेवावे लागते. लाटेवर प्रतिबिंब सलग राहत नाही, त्याचे आडवे तुकडे होतात. चमक मात्र दोन्हीकडे कागदाचा पांढरा राखूनच येते.

शाहू महाराजांच्या निधनानंतर (१९२२) आबालालांनी आपली पुष्कळ चित्रे पाण्यात बुडवली, अशी आख्यायिका आहे. चित्रांचा आकडा सांगणाऱ्यागणिक वाढतो, तेव्हा तो जपूनच घ्यावा.

पुढील पिढ्यांत दत्तोबा दळवी, बाबा गजबर आदींनी निसर्गचित्रण चालू ठेवले. चित्रपट-अभिनेते चंद्रकांत मांडरे यांनी त्यात पावडर शेडिंगची (कोरड्या रंगपुडीने छटा देण्याच्या तंत्राची) भर घातली. त्यांची चित्रे राजारामपुरीतील संग्रहालयात आहेत.

आबालालांची काही चित्रे टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात आहेत. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची छोटी कांस्यमूर्तीही तेथेच आहे. ती इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत रोमन व्यापारातून, म्हणजे समुद्रमार्गेच, आली असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात.